चिखलवाट आणि शेवटचा गडी

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात मंडळाच्या धावक गटाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आषाढ-श्रावणातल्या रविवारी सकाळी आम्ही वीस-पंचवीस जण बेळगावाबाहेरच्या शिवारातून धावून येतो, तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले असतो. घरचे विचारतात, "हे काय नवीन खूळ?" मंडळानंही तोच प्रश्न आम्हाला विचारला आणि उत्तर द्यायला इथं उभं केलं.

खूळ तसं जुनं आहे. १९३८ साली क्वालालंपूरमध्ये आल्बर्ट गिस्पर्ट नावाच्या हिशेबनीसानं आणि त्याच्या मित्रांनी संध्याकाळच्या धावण्याचा एक गट सुरू केला. त्यातले बरेच जण ज्या क्लबाच्या खानावळीत जेवत, तिथल्या बेचव जेवणामुळं तिला थट्टेनं 'हॅश हाऊस' म्हणत. त्यावरून गटाचं नाव पडलं 'हॅश हाऊस हॅरियर्स'. रबराच्या मळ्यांतून, चिखलातून, ओढ्यांतून ही मंडळी पळत. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या लढाईत गिस्पर्ट मारला गेला. युद्ध संपल्यावर उरलेल्या मित्रांनी धावणं पुन्हा सुरू केलं आणि आज जगभर अशा गटांचं जाळं आहे. धावून झाल्यावर बिअर पिणं हा त्यांचा मोठा कार्यक्रम. आमच्याकडं मात्र चहा आणि गरम उप्पीट असतं, हे इथं बसलेल्या काकूंच्या समाधानासाठी आधीच सांगून टाकतो.

आता खेळ कसा चालतो ते ऐका. एक-दोघं जण 'ससा' होऊन आधी पुढं जातात आणि वाटेवर खुणा टाकत जातात. बाकीचे त्या खुणांचा माग काढत पळतात. मात्र मध्येच एखाद्या ठिकाणी माग तुटतो. तिथून तीन-चार दिशांना शोध घ्यावा लागतो. काही वाटा फसव्या असतात. थोडं अंतर पळाल्यावर खुणा संपतात आणि मागं फिरावं लागतं. खरी वाट सापडली, की सापडवणारा 'ऑन ऑन' अशी आरोळी ठोकतो.

या फसव्या वाटांतच सगळी मेख आहे. जोरात पळणारे सगळ्यांत आधी फसतात, दुप्पट पळतात, आणि तेवढ्या वेळात मागचे येऊन पोचतात. बासष्ट वर्षांचे निवृत्त मास्तर आणि कॉलेजातली पोरं तुटलेल्या खुणेपाशी पुन्हा एकत्र उभी असतात. इथं पहिला नंबर नाही, पदक नाही. सशानं वाट चांगली आखली की नाही, याची परीक्षा एकच: पहिला गडी आणि शेवटचा गडी यांच्यात किती अंतर पडलं?

परदेशात खुणांसाठी पीठ वापरतात. शेतकऱ्याच्या बांधावर पीठ सांडणं आम्हाला बरं वाटेना, आणि पावसात ते टिकतही नाही. आम्ही भाताचं तूस मुठीमुठीनं टाकतो आणि झाडांना रंगीत चिंध्या बांधतो. शेवटचा गडी त्या चिंध्या सोडून आणतो.

ज्यांच्या शिवारातून जायचं त्यांना आम्ही आधी भेटतो. एका काकांनी परवानगी दिली ती अशी: "पळा की. पण बांध मोडू नका. बांध मोडला तर पाणी खालच्या शेतात जातंय." त्या दोन वाक्यांत आमची नियमावली तयार झाली. भाताच्या शेतातला चिखल आपोआप होत नाही. लावणीआधी पाणी साठवून, नांगर-औत फिरवून चिखलणी करतात, ती जमिनीत पाणी मुरून जाऊ नये म्हणून. त्यामागं बैलांची किंवा ट्रॅक्टरची आणि माणसांची मेहनत असते. म्हणून चिखलणी केलेल्या वाफ्यात आमचं पाऊल पडत नाही. आम्ही धावतो ते पाणंदीतून, गाडीवाटेनं, ओढ्याच्या काठानं. बांध आलाच तर धावणं थांबतं आणि एकामागं एक चालत जायचं. पाणंदीतला चिखल आम्हाला भरपूर पुरतो.

आणखी एक काळजी. साचलेल्या पाण्यात उंदीर-गुरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात आणि ते जखमेतून शरीरात शिरतात. पायाला चीर किंवा जखम असेल त्यानं त्या रविवारी चहाची किटली सांभाळायची. घरी गेल्यावर साबणानं स्वच्छ धुवायचं. पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना चिखलात गेल्याचं आठवणीनं सांगायचं.

मंडळींनो, आपली मुलं पुण्याला, बेंगळुरूला जातात. इथं राहतो ते आपण, वय वाढत चाललेले. उत्सवाच्या दहा दिवसांत भेटतो, मग वर्षभर ज्याचा तो. रविवारच्या या वाटेवर सुट्टीला आलेली मुलं आणि त्यांचे आईबाप तासभर एकाच मागावर असतात, आणि पुढं गेलेला पोरगा मागं फिरून विचारतो, "बाबा, येताय ना?" घरात हे वाक्य हल्ली फारसं ऐकू येत नाही.

विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहा वाजता मंडळाच्या दारात जमायचं आहे. जुने बूट चालतील. धावता येत नसेल तर चालत या. वाट तुमच्यासाठी थांबेल अशीच आखलेली असेल.

गणपती बाप्पा मोरया!