टारफुल्याचे कोडे: आफ्रिकेतील ज्वारी-संशोधनातून आपण काय घ्यावे?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज आम्ही तुमच्यापुढे आफ्रिकेची गोष्ट मांडणार आहोत. कापसाचा भाव आणि कर्जाचा विषय सोडून हे सुदान-इथिओपिया मध्येच कुठून काढले, असे काहींच्या मनात येईल. कारण सरळ आहे. ज्वारी मुळात तिकडची. पूर्व सुदानात कसला शहराच्या परिसरात सुमारे ५००० वर्षांपूर्वीची खापरे सापडली. त्यांच्यावर लागवडीखाली येत असलेल्या ज्वारीच्या तुसांचे ठसे आहेत, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ती ज्वारी पुढे आपल्या भाकरीची झाली. तिचा वैरीही दोन्हीकडे आहे. तो म्हणजे टारफुला.

आपल्याकडचा टारफुला लहान, बहुधा पांढऱ्या फुलाचा. आफ्रिकेतला उंच, जांभळट-गुलाबी फुलाचा. जाती वेगळ्या, पण चोरीची रीत एकच. हे तण स्वतःच्या मुळांवर जगत नाही. ते ज्वारीच्या मुळाला चिकटते आणि तिचे पाणी व अन्न ओढते. आपल्याला ते दिसते तेव्हा जमिनीखाली नुकसान होऊन चुकलेले असते. एका झाडाला हजारोंनी, कधी लाखाच्या घरात बी येते. बी धुळीसारखे बारीक, आणि मातीत दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत राहते.

आता प्रश्न असा, की जो आफ्रिका खंड ज्वारीचे माहेर, तिथे ज्वारीचे संशोधन इतके मागे का राहिले? सुदानात इंग्रजांनी सेन्नारचे धरण बांधले आणि १९२५ मध्ये गेझिराचे कालवे सुरू केले. ते कोणासाठी? लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा कापूस हवा होता. साम्राज्यात कापूस वाढवण्यासाठी १९२१ मध्येच खास महामंडळ निघाले होते. ज्वारीवर काही कामच झाले नाही असे नाही. पण पैसा आणि माणसे आधी कापसाकडे गेली. गिरणीला लागणाऱ्या पिकाला शास्त्रज्ञ मिळाले, शेतकऱ्याच्या ताटातल्या पिकाला वाट बघावी लागली.

आकडे बघा. आपल्याकडे पहिली संकरित ज्वारी, सी.एस.एच.-१, १९६४ मध्ये आली. आफ्रिकेत व्यापारी तत्त्वावर पहिली संकरित ज्वारी १९८३ मध्ये आली, म्हणजे १९ वर्षांनी. तिचे नाव 'हगीन दुरा-१'. अरबीत हगीन म्हणजे संकरित आणि दुरा म्हणजे ज्वारी. ती काढणारे गेबिसा एजेटा हे इथिओपियातल्या खेड्यातले. एका खोलीच्या, गवताने शाकारलेल्या झोपडीत त्यांचा जन्म झाला आणि आईच्या हट्टाने ते शाळेत गेले. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात शिकून १९७९ मध्ये ते इक्रिसॅटच्या कामासाठी सुदानात आले. इक्रिसॅट म्हणजे आपल्या शेजारी, हैदराबादजवळ पाटणचेरूला १९७२ मध्ये स्थापन झालेली कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था.

या वाणाने पावसाचा ताण सोसला. स्थानिक ज्वारीपेक्षा दीडशे टक्क्यांपर्यंत अधिक उतारा नोंदला गेला. १९९९ पर्यंत सुदानात १० लाख एकरांवर ते पिकले होते. पण हायब्रीडचे बियाणे दरवर्षी नव्याने करावे लागते, हे आपण अनुभवाने जाणतो. म्हणून नुसते वाण काढून भागले नाही, बियाणे पिकवणारी आणि पोचवणारी व्यवस्था तिथे उभी करावी लागली.

तरी टारफुला उरलाच. त्याचे कोडे उलगडायला कपाशीने मदत केली, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. टारफुल्याचे बी आपोआप उगवत नाही. जवळ मूळ असल्याची खूण मिळाली तरच ते कोंब काढते. ही खूण म्हणजे मुळातून पाझरणारे एक रसायन. १९६६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते पहिल्यांदा वेगळे काढले ते कपाशीच्या मुळांच्या पाझरातून, आणि त्याला स्ट्रायगॉल नाव दिले. गंमत अशी, की कपाशीच्या मुळावर टारफुला जगूच शकत नाही. कपाशीची खूण ऐकून बी उगवते आणि आसरा न मिळाल्याने काही दिवसांत मरते. ज्वारी-कपाशीची फेरपालट आपल्याकडे जुनीच आहे. कपाशीच्या बेवडाला ही बाजूही आहे. मात्र एका हंगामात रान साफ होत नाही, कारण मातीतले बी वर्षानुवर्षांचे आहे.

मग झाड आपल्याच वैऱ्याला बोलावते कशाला? याचे उत्तर २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दिले. मुळांना स्फुरद मिळवून देणारी एक उपयोगी बुरशी मातीत असते. झाड हाक मारते ती तिला. टारफुला ती हाक चोरून ऐकतो. जमीन जितकी भुकेली, तितकी झाडाची हाक मोठी. म्हणून हलक्या, खत न मिळालेल्या रानात टारफुला माजतो. गरिबाच्या रानातच तो जास्त का, याचे उत्तर नशिबात शोधू नका, ते मातीत आहे.

एजेटा यांनी लॅरी बटलर या रसायनशास्त्रज्ञाबरोबर पर्ड्यूमध्ये हेच धरले. काचेच्या बशीत ज्वारीचे मूळ आणि टारफुल्याचे बी शेजारी ठेवून कोणत्या ज्वारीची हाक मंद आहे ते तपासले. मंद हाकेचा गुण नेमक्या एका जनुकाशी बांधलेला निघाला. तो गुण चांगल्या वाणांत आणला आणि १९९४ मध्ये अशा वाणांचे ८ टन बियाणे १२ आफ्रिकी देशांत पाठवले. २००९ मध्ये एजेटा यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

यात आपलाही वाटा आहे. एन-१३ नावाची एक भारतीय ज्वारी आहे. तिची मुळे टारफुल्याला आत शिरू देत नाहीत, पेशींची भिंतच जाड होते. तो गुण सुदानच्या शेतकऱ्यांना आवडणाऱ्या वाणांत उतरवला, आणि २०१२ मध्ये त्यातून निघालेले चार वाण सुदानात प्रसारित झाले. आफ्रिकेतून आलेल्या पिकाने हजारो वर्षांनी माहेरी अशी परतफेड केली.

पण भावांनो, बियाणे म्हणजे सगळे नव्हे. इथिओपियात २००२-०३ च्या सुमारास टारफुल्याविरुद्ध जे काम झाले, त्यात तीन गोष्टी एकत्र होत्या: प्रतिकारक वाण, नत्राचे खत, आणि पाणी अडवणाऱ्या बंदिस्त सऱ्या. तिन्ही मिळून फळ आले. केनियात आणखी एक वाट निघाली. भारतात जन्मलेले झियाउर खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मका-ज्वारीच्या ओळींत डेस्मोडियम हे द्विदल चाऱ्याचे पीक घातले. त्याच्या मुळांचा पाझर टारफुल्याला बसवतो, आणि वर जनावराला चारा मिळतो. त्यात विकत घ्यायचे औषध नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे सगळे सांगितले, ती ऐका. त्याच इथिओपियात सुधारित बियाणे आणि खताने मक्याचे पीक भरघोस आले. २००१-०२ मध्ये भाव कोसळले. काढणीचा खर्च निघेना, शेतकऱ्यांनी पुढच्या पेऱ्यात खत आणि बियाणे कमी केले. त्यावर २००२ चा पाऊस फसला, आणि २००३ मध्ये एक कोटीहून अधिक लोकांना मदतीच्या धान्यावर जगावे लागले. शास्त्र हरले नव्हते. पिकवणाऱ्याला पदरात काही पडेल याची सोय कोणी केली नव्हती. जे वाण दाणा देते पण दाम देत नाही, ते शेतकरी दुसऱ्या वर्षी पेरत नाही. तो अडाणी असतो म्हणून नव्हे, त्याला हिशेब कळतो म्हणून.

म्हणून यापुढे कोणी शास्त्रज्ञ किंवा बियाणेवाला नवे वाण घेऊन आला तर त्याला हाकलू नका आणि डोळे मिटून मानही डोलवू नका. त्याला चार प्रश्न विचारा. हे वाण कमी पावसाच्या साली, खताविना, हलक्या रानात किती देते? बियाणे कोण करणार आणि दरवर्षी ते कोणत्या भावाने मिळणार? भाकरी आणि कडबा कसा, हे घरच्या बाईला आणि बैलाला विचारले का? आणि पीक जास्त आले तर ते घेणार कोण?

एक काम आपल्या हातातले आहे. यंदा ज्वारीत फिरताना टारफुला दिसला तर फुलावर येण्याआधी उपटा. त्याने यंदाचे नुकसान भरून येणार नाही, पण पुढच्या दहा वर्षांचे बी मातीत पडणार नाही. कोणत्या रानात तो जास्त, तिथे मागील साली काय होते, खत किती दिले, हे वहीत लिहा. गावागावच्या अशा नोंदी पुढच्या मेळाव्याला आणा. त्या घेऊन आपण संशोधन केंद्राच्या दारी जाऊ आणि सांगू, की आमचे पीक इथे मरते, कामाला इथून लागा.