हिरवळीचे पाते



बागबाजारात उभे राहून हिरवळीविषयी व्याख्यान द्यावे, हे थोडे धाडसाचेच आहे. आपल्या वस्तीच्या नावात बाग आहे खरी. अठराव्या शतकात येथे गंगेकाठी पेरिनची बाग होती, आणि तिच्यापाशी उभारलेल्या बुरुजावर १७५६ साली सिराजुद्दौल्याच्या फौजेने पहिला हल्ला चढविला. त्यापूर्वी १७४२ मध्ये मराठ्यांच्या धास्तीने जो खंदक खणण्यास सुरुवात झाली, त्याचे उत्तरेकडील टोकही येथलेच. माझे पुण्याचे एक स्नेही एकदा येथे आले आणि तो खंदक दाखवा म्हणाले. मी त्यांना सांगितले, “तुमची माणसे आलीच नाहीत, तेव्हा आम्ही तो बुजवून टाकला.” खंदक गेला, पेरिनची बागही गेली. आता उरले आहे ते चार जुन्या वाड्यांपुढचे अंगण, एखादे उद्यान आणि पूजेचे मैदान.

परंतु याच मैदानाकरिता आपल्या मंडळाने गवत कापण्याचे यंत्र घेण्याचे ठरविले, आणि दुकानदाराने साधाच प्रश्न विचारला, “पाते कोणते देऊ? नेहमीचे की आच्छादनाचे?” कोणालाच उत्तर देता आले नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आले. उद्यानांच्या देखरेखीत माझे आयुष्य गेले. त्या अनुभवावरून सांगतो की, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. कापलेले गवत कोठे जाणार, हे या पात्यावरून ठरत असते.

गवत कापणाऱ्या यंत्राचा जन्म बागेत झाला नाही, गिरणीत झाला. इंग्लंडमधील स्ट्राउड गावाजवळ एडविन बडिंग नावाचा यांत्रिक कारागीर होता. लोकरी कापडावरील उभी लव सारखी छाटणारे यंत्र पाहून त्याला सुचले की, असेच गवतही छाटता येईल. १८३० साली त्याने एकस्व घेतले. त्याच्या यंत्रात पाती एका फिरत्या रुळावर बसविलेली होती आणि ती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीप्रमाणे गवत कापीत. आपल्याकडील मोठ्या मैदानांवर पुढे बैलांनी ओढावयाची जी यंत्रे आली, ती याच घराण्यातील. आज आपण घेऊ पाहत आहोत ते यंत्र निराळे आहे. त्यात एकच आडवे पाते पंख्यासारखे गरगर फिरते आणि कात्रीने कापण्याऐवजी विळ्याने सपकारावे तसे गवत उडविते. हा प्रकार घरोघरी नेण्यात ऑस्ट्रेलियाच्या मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसनचा वाटा मोठा आहे. १९५२ मध्ये त्याने बनविलेल्या पहिल्या नमुन्याला इंधनाची टाकी म्हणून पीच फळांचा रिकामा डबा लावलेला होता.

आता पात्यांकडे वळू. नेहमीचे पाते जवळून पाहिले, तर त्याची धार केवळ दोन्ही टोकांकडे असते आणि धारेच्या मागची कड वर उचललेली असते. या उचललेल्या कडेला पंख म्हणू. पाते फिरू लागले की हा पंख खालची हवा वर खेचतो. त्या झोतात आडवे झालेले गवत उभे राहते, कापले जाते आणि बाजूच्या तोंडातून पिशवीत किंवा बाहेर फेकले जाते. आच्छादनाच्या पात्याची धार अधिक लांब असते आणि त्याला अनेक ठिकाणी बाक दिलेला असतो. कापलेला तुकडा ते प्रथम वर उचलते, परंतु बाहेर जाऊ देत नाही. यंत्राच्या घुमटासारख्या टोपणाखाली तो तुकडा फिरत राहतो, पुन्हा पुन्हा पात्यावर आपटतो आणि बारीक चुरा होऊन गवताच्या मुळाशी उतरतो. यासाठी बाजूचे तोंड बंद करावे लागते. तोंड उघडे ठेवून नुसते पाते बदलले, तर पैसे फुकट गेले असे समजावे. तसेच, एकाच तुकड्याला अनेकदा कापावयाचे असल्याने यंत्राला बळही अधिक लागते. अशक्त यंत्राला हे पाते जोडू नये.

या चुऱ्याचे मोल किती? ताज्या गवतात सुमारे चार पंचमांश पाणीच असते. शंभर किलो गवत कापले तर त्यात कोरडा भाग वीस किलो. कोरड्या भागात नत्राचे प्रमाण शेकडा तीन ते चार धरले, तर सुमारे पाऊण किलो नत्र झाले. म्हणजे जवळजवळ दीड किलो युरियाइतके नत्र आपण दर शंभर किलोंमागे गाडीत भरून पाठवितो. पालाश आणि थोडे स्फुरद जाते ते वेगळेच. नंतर आपणच वर्गणीतून खताची गोणी आणतो. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड येथे १८५६ पासून एका कुरणावर प्रयोग चालू आहे. तेथील ज्या तुकड्यांतून दरवर्षी गवत काढून नेले आणि बदल्यात काही दिले नाही, त्यांचे उत्पन्न खत घातलेल्या तुकड्यांच्या मानाने फार कमी भरते. मौज अशी की, त्याच उपाशी तुकड्यांवर रानफुलांच्या जाती सर्वाधिक आहेत. पण आपल्याला मुलांच्या पायाखाली टिकणारी हिरवळ हवी आहे, रानफुले नव्हेत.

आपली हिरवळ मुख्यतः दूर्वेची. बंगालमध्ये आशीर्वाद देताना धानाबरोबर मस्तकावर ठेवतात तीच ही दूर्वा. तरुणपणी काही वर्षे मी पुण्यास होतो. तेथे गणपतीला एकवीस दूर्वा वाहणारे गृहस्थच शेतावर गेले की तिला हरळी म्हणून कुदळीने खणून काढतात, हे पाहून मला गंमत वाटली होती. एकच वनस्पती देवघरात पूज्य आणि शेतात वैरी! परंतु जमिनीवर आडवे धावे सोडून पसरण्याचा तिचा जो गुण शेतकऱ्याला छळतो, तोच खेळाच्या मैदानाला तारतो.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. कापलेले गवत तसेच राहू दिले तर मुळाशी गादीसारखा जाड थर साचतो, असे जुने माळी सांगत, आणि मीही अनेक वर्षे तेच सांगत आलो. तो थर होतो, हे खरे. पण तो मुख्यतः धावे, खोडे आणि मुळे यांच्या चिवट भागांचा असतो. पात्यांचा मऊ चुरा लवकर कुजतो, आणि त्या कामी गांडुळे मदत करतात. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर संपूर्ण ग्रंथ लिहिला. पाने ओढून नेणाऱ्या आणि माती वर आणून टाकणाऱ्या या जीवाचे निरीक्षण त्याने आपल्या घराभोवतीच केले होते. पावसानंतर आपल्या मैदानावर मातीच्या ज्या बारीक गोळ्या दिसतात, ती त्याच कारागिराची निशाणी.

मग सर्वत्र आच्छादनाचेच पाते लावावे काय? नाही. गोल्फच्या छिद्राभोवतालचा गालिचा किंवा क्रिकेटची खेळपट्टी येथे चेंडूच्या मार्गात कणभर चुराही चालत नाही; तेथे रुळाचे यंत्र आणि गवत गोळा करणारी पेटीच हवी. दुसरी अडचण आपल्या हवामानाची आहे. या नगरात वर्षाला दीड हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या काळात. नेमके तेव्हाच गवत झपाट्याने वाढते. ओले गवत या पात्याखाली चिरडून टोपणाला लगदा होऊन चिकटते, गोळे पडतात, त्यांच्याखाली दूर्वा पिवळी पडते आणि बुरशी धरते. गंगेची आपली चिकण माती पाणीही लवकर सोडीत नाही. एका आषाढात मी हट्टाने आच्छादनाचेच पाते चालविले होते. आठवड्याभरात हिरवळीवर जागोजाग शेणी थापल्यासारखे डाग दिसू लागले. माझ्या हाताखालचा वृद्ध माळी काही बोलला नाही. त्याने फक्त दाताळे आणून माझ्या हातात दिले.

नियम असा की, एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये. हा नियम पाळावयाचा तर पावसाळ्यात चार-पाच दिवसांआड कापावे लागेल, म्हणजे माळ्याची मजुरी वाढेल. हा खर्च लपवून ठेवून केवळ खताची बचत सांगणारा विक्रेता अर्धेच सत्य सांगतो. माझे मत असे आहे की, पावसाचे चार महिने नेहमीचे पाते व पिशवी वापरावी आणि आश्विन सरल्यावर आच्छादनाचे पाते चढवावे. फाल्गुनात झाडे पाने टाकतात तेव्हा तर हे पाते विशेष उपयोगी पडते. कोरडी पाने थर पातळ असतानाच त्याखालून गेली की भुगा होऊन जातात. आपल्याकडे ती कोपऱ्यात लोटून पेटविण्याची चाल आहे. घनकचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी असे जाळणे निषिद्ध ठरविले, तरी धूर काही थांबला नाही.

पावसाळ्यात पिशवीत जमलेल्या गवताचे काय करावे, हाही प्रश्न उरतो. माझ्या लहानपणी माळी कापलेल्या गवताचे भारे गवळ्याकडे नेई आणि चार पैसे मिळवी. आता वस्तीत गोठे नाहीत आणि गवत कचऱ्याच्या गाडीतून जाते. धापाच्या जुन्या कचऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकविला गेला, त्यात आपल्या नगराचे शहाणपण होते. परंतु ढिगाऱ्यात खोल दडपलेला ओला पाला हवेवाचून कुजतो आणि मिथेन वायू सोडतो. अमेरिकेतील अनेक राज्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून बागेतील कचरा अशा भरावात टाकण्यास बंदी केली. आच्छादनाच्या पात्याचा तेथे जो प्रसार झाला, त्यामागे ही बंदीही होती. आपण मैदानाच्या कोपऱ्यात एक खड्डा राखावा आणि पावसाळी गवत सुक्या पानांबरोबर थराथराने त्यात घालावे.

शेवटी धोक्याविषयी. अर्धा मीटर लांबीचे पाते मिनिटाला तीन हजार फेरे घेते, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होतो. मंडप उतरल्यावर मातीत खिळे राहतात, हे आपण सारे जाणतो. एका मैदानावर माझ्यादेखत असा खिळा बाजूच्या उघड्या तोंडातून सुटला आणि पंधरा पावलांवरील बाकाच्या फळीत रुतला. त्या बाकावर थोड्या वेळापूर्वी दोन मुले बसली होती. त्या दिवशी मी तेथील काम थांबविले आणि पुढे कित्येक रात्री मला नीट झोप लागली नाही. बंद तोंडाच्या यंत्रात हा धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून पूजेनंतर प्रथम दोरीला मोठे लोहचुंबक बांधून सबंध मैदानावरून ओढून न्यावे, आणि त्यानंतरच यंत्र आत आणावे.

पाते बदलताना प्लगची तार अगोदर काढावी. दोन्ही पाती वर्षातून दोन-तीनदा तरी कानशीने घासावीत. बोथट पाते गवत कापीत नाही, फाडते, आणि फाटलेली टोके दुसऱ्या दिवशी करडी दिसतात. घासून झाल्यावर मधल्या छिद्रातून पाते भिंतीवरील खिळ्याला अडकवून पाहावे. जी बाजू खाली झुकेल, ती आणखी थोडी घासावी आणि दोन्ही बाजू समतोल राहिल्यावरच पाते यंत्रावर चढवावे.