घरची पंगत आणि शाळेची पंगत



पहिलीत दाखल होणारे मूल म्हणजे कोरी पाटी, असे पुष्कळदा म्हटले जाते. खेड्यातील शिक्षकाचा अनुभव मात्र निराळा आहे. कोणाच्या घरचे पाणी प्यावे, कोणाच्या ओट्यावर बसावे, कोणाला 'अहो' म्हणावे आणि कोणाला, तो वयाने वडील असला तरी, एकेरी हाक मारावी, हे सारे ते मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. हे धडे त्याला कोणी पाढ्यांसारखे घोकून घेतलेले नसतात. एखाद्या पाहुण्याचा कप वेगळ्या कोनाड्यात ठेवलेला त्याने पाहिलेला असतो, तेवढे पुरते.

'कुटुंब हा समाजाचा पाया आहे' हे वाक्य सभासंमेलनांतून इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याची धार पार बोथट झाली आहे. या पायावर उभी राहणारी भिंत सर्वांना निवारा देणारी आहे, की दोन आळ्यांना एकमेकींपासून तोडणारी आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कुटुंब समाजाला जोडते तसे तोडतेही. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात या दोहोंची साक्ष एकाच घराण्यात सापडते.

जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी त्यांना व सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले. वडील गोविंदराव काही विद्येचे वैरी नव्हते. मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्यांनीच पुन्हा शाळेत घातले होते. परंतु लोकापवादाचे दडपण त्यांना असह्य झाले. भल्या माणसाचे घरही भाऊबंदांच्या धाकाने कसे मिटून जाते, हे यावरून दिसते. पुढे या दांपत्याने आपले घर नेमके उलट्या रीतीने उभारले. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुला केला. १८७४ साली एका ब्राह्मण विधवेचे मूल दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगात त्याच्यासमवेत रुग्णसेवा करीत असता सावित्रीबाईंना मृत्यू आला.

दुसरे उदाहरण शिक्षकांना अधिक जवळचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह चालू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. हे सर्व पाठ्यपुस्तकात येते. चुलीपुढे कोण होते, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. लक्ष्मीबाई पाटील सोवळेओवळे कटाक्षाने पाळणाऱ्या जैन कुटुंबात वाढलेल्या होत्या. पतीने निरनिराळ्या जातींची मुले घरी आणली, तेव्हा व्याख्यान पतीचे असले तरी भाकरी लक्ष्मीबाईंना थापावयाची होती. जन्मभराचे संस्कार बाजूस सारून त्यांनी ती थापली, आजारी मुलांच्या उशाशी बसल्या, आणि वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. सामाजिक ऐक्याची चर्चा पुरुषांच्या बैठकीत होते आणि त्याची किंमत पुष्कळदा स्वयंपाकघरात मोजली जाते, हे येथे नमूद केलेच पाहिजे.

हीच कसोटी आज प्रत्येक शाळेच्या ओसरीवर रोज लागते. १९९५ साली पोषण आहाराची योजना देशभर सुरू झाली, तेव्हा आरंभी मुलांना धान्य घरी नेण्यास मिळे. धान्याच्या पिशवीने कोणाचा विटाळ होत नव्हता. म्हणून कोणाची तक्रारही नव्हती. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पंगत आली. पंगतीबरोबर प्रश्नही आले: स्वयंपाक कोणी करावयाचा, वाढावयाचे कोणी, शेजारी कोण बसणार? शिक्षकाच्या शब्दाखातर मुले एका ओळीत बसतात. पण सायंकाळी घरी 'कुणाशेजारी बसला होतास?' एवढाच प्रश्न विशिष्ट स्वरात विचारला गेला, तर दुसऱ्या दिवशी ते मूल दोन हात सरकून बसते. कोणी न सांगता ती ओळ तुटते. अशा वेळी मुलाला रागावून काही साधत नाही. गाठ त्या घराशी असते.

घराकडे जाण्याची वाट कायद्याने मोकळी केली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. पण नावे कागदावर आणि माता घरी, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. मातांना शाळेत आणण्यासाठी संक्रांतीचे हळदीकुंकू योजण्याची चाल आहे. हेतू चांगला, परंतु त्या समारंभास विधवा मातेने यावयाचे की नाही? ती येत नाही आणि तिचे मूल वर्गाच्या दारातून इतरांच्या आयांना वाण घेताना पाहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानेही तो इतर गावांपुढे ठेवला. ठराव ग्रामसभेत होतो, पाळावयाचा तो घरात. शाळेने मेळाव्याला 'मातांचा तिळगूळ' एवढेच नाव दिले आणि वाण प्रत्येकीच्या हाती ठेवले, तर घरातील पुढील बोलणे सोपे होते.

मेळावा कोठे भरवावयाचा, हाही विचार करण्याजोगा आहे. दरवेळी पाटलाच्या वाड्याशेजारी बैठक झाली, तर गावाबाहेरच्या वस्तीवरील बाई दाराशीच उभी राहते. एखादी बैठक वस्तीवरच्या समाजमंदिरात घ्यावी. गावातील बायकांनी तिकडे जाऊन चहा घ्यावा. व्याख्यानाची गरज बहुधा उरणार नाही. मराठवाड्यात तर आणखी एक अडचण आहे. दसरा-दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुले आजीपाशी राहतात. सूचनेत 'माता-पालक' एवढेच लिहिलेले असते, म्हणून आपल्याला बोलावणे नाही असे समजून आजी घरीच बसते. अशा गावी सूचनेत 'आजी' हा शब्द स्पष्ट लिहावा, आणि ज्या घरी वाचणारे कोणी नाही तेथे ती तोंडी पोचवावी.