नव्या मागाचा हिशेब



विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. यंत्रावर पैसा घालावा काय, हा तेव्हाचा प्रश्न आज धोट्याविना चालणाऱ्या रेपियर मागाच्या रूपाने आपल्या विणकर घरांपुढे पुन्हा उभा आहे. विषय घर तारण ठेवण्याचा असल्याने त्याचा निर्णय हिशेबाने व्हावा, असे आम्हांस वाटते.

साध्या मागावर ताण्याचा धागा तुटला आणि कामगाराची नजर दुसऱ्या मागावर असली, तर कापडात उभी रेघ उमटत जाते. नवा माग धागा तुटताच आपोआप थांबतो. त्याची कमाई वेगात आहे, तशीच टळलेल्या दोषांतही आहे. परंतु ही दुसरी कमाई आपणांस दिसत नाही. कारण व्यापाऱ्याने ‘सेकंड’ म्हणून कापलेला भाव आपण वहीत मांडीतच नाही.

आम्ही जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविले. येथे तेवढेच पुरे. समजा, महिन्यास १०,००० मीटर कापड निघते, शेकडा ८ मीटर सदोष ठरते आणि सदोष मीटरमागे २० रुपये कमी मिळतात. नुकसान १६,००० रुपयांचे झाले. दोष शेकडा २ वर आले, तर ते ४,००० होईल. म्हणजे १२,००० वाचले. कर्जाचा हप्ता, वीज आणि सुटे भाग यांचा खर्च याहून अधिक असेल, तर उरलेली रक्कम जादा उत्पादनातून व चढ्या भावातून निघते काय, ते पाहावे. निघत नसल्यास थांबावे; त्यात कमीपणा नाही. धागा तुटताच थांबण्याची सोय जुन्या मागासही बसविता येते.

आणखी एक गोष्ट. वेगवान मागावर सुतास ताण अधिक सोसावा लागतो. सूत हलके व खळ कच्ची असेल, तर महागडा मागही घडोघडी थांबेल. म्हणून सूत व खळ यांची सुधारणा आधी व्हावी.

तरुणांस आमची विनंती आहे, की कर्जाच्या अर्जापूर्वी तीन महिने दोषांची वही ठेवा. कोणता माग, कोणती पाळी, कोणता दोष, किती मीटर आणि किती रुपये, हे रोज लिहा. घरातील शिकलेल्या मुलींनाही हे काम सोपवावे. ती वही घेऊन बँकेत जाल, तेव्हा मागणीस आधार असेल आणि घरच्या माणसांसही निर्णय पटेल.