जिब्रील आणि गॅब्रिएल
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाने शेजारच्या ख्रिस्ती मित्राच्या वहीत पंखवाल्या देवदूताचे चित्र पाहिले आणि "यालाच तुम्ही देव मानता काय?" म्हणून त्याची टिंगल केली. मित्र गप्प बसला. मी त्या मुलाला दटावले खरे; पण नीट उत्तर मलाही देता आले नाही. शिक्षक म्हणून मला त्याची लाज वाटली.

त्या ख्रिस्ती मुलाच्या आजीलाच मी विचारले. तिचे मालक दर्यावर मासेमारीला जात असत. ती म्हणाली, "मास्तर, मागतंय ता देवाकडेच, दूत आपलो सोबतीक."

पुढे वाचनात आले तेही हेच होते. इंग्रजी 'एंजल' हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ निरोप्या. आपला 'फरिश्ता' फारसी, अर्थ पाठविलेला. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देवदूत हे ईश्वराने निर्माण केलेले, शरीर नसलेले सेवक होत. उपासना मात्र ईश्वराचीच. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात योहान दूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा दूतच त्याला अडवतो आणि मीही सेवकच आहे असे सांगतो.

मरियमेला पुत्रजन्माचा निरोप देणारा गॅब्रिएल म्हणजे आपले हजरत जिब्रील. कुरआनातील सूरह मरियममध्येही हा प्रसंग आहे. मायकल म्हणजे मीकाईल. कॅथलिक लोक २९ सप्टेंबरला गॅब्रिएल, मायकल व राफाएल यांचा सण पाळतात. सकाळी, दुपारी व संध्याकाळी चर्चची घंटा वाजते, ती याच निरोपाच्या स्मरणाची. प्रत्येक माणसामागे एक रक्षक दूत असतो, असेही ते मानतात. त्याचा सण २ ऑक्टोबरला, म्हणजे गांधीजयंतीच्याच दिवशी येतो. मुले झोपताना त्या दूताची प्रार्थना म्हणतात. आपल्याकडेही माणसाची बरी-वाईट कृत्ये लिहिणारे दोन फरिश्ते मानले आहेतच.

आणि ही कथा आपल्या भाषेला परकी नाही. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने ती मराठी ओव्यांत सांगितली. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले.

हे सारे मी वर्गात सांगितले, तेव्हा टिंगल करणारा मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे तो आमचाच जिब्रील?" मी म्हटले, "निरोप्या तोच. निरोपाच्या अर्थात फरक आहे. ते येशूला ईश्वराचा पुत्र मानतात, आपण हजरत ईसांना पैगंबर मानतो. तो फरक लपवायचा नाही आणि त्यावरून हसायचेही नाही." मधल्या सुट्टीत तो स्वतःहून मित्राकडे गेला.

पालकहो, आपली मुले शेजाऱ्याच्या श्रद्धेबद्दल प्रथम आपल्याच तोंडून ऐकतात. ऐकीव गोष्टी त्यांना सांगू नका. माहीत नसेल तर शेजाऱ्यालाच विचारा. विद्यार्थ्यांनो, संध्याकाळी घंटा आणि मगरिबची अजान दोन्ही कानी पडतील, तेव्हा एवढे आठवा की दोन्ही घरांत जिब्रीलचे नाव आदरानेच घेतले जाते.