लांबून आलेल्याचं काम आधी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांचा हिशेब चिटणीसांनी आत्ताच मांडला. सिंकिंग फंड शाबूत, थकबाकी नगण्य. अभिनंदन! मी बँकेतला माणूस, तेव्हा आकड्यांवरच बोलणार असं तुम्हाला वाटलं असेल. पण आज मी ताळेबंदात न दिसणाऱ्या एका देण्याबद्दल बोलणार आहे. ते आहे मुलांच्या मनाचं.

मी मुरबाडच्या शाखेत होतो तेव्हा आमच्या मॅनेजरसाहेबांचा एक नियम होता. काउंटर उघडलं की आधी विचारायचं, "कुठून आलात?" टोकावड्याच्या पलीकडून, माळशेजच्या पायथ्याकडून आलेल्याचं काम आधी. त्याला "उद्या या" म्हणायचं नाही. एसटीचं भाडं गेलेलं, दिवसाची मजुरी बुडालेली. तो पुन्हा येईलच याचा भरवसा नाही.

हा नियम मला इतक्या वर्षांनी आठवला तो नातवामुळे. सातवीत असताना रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. शाळेच्या वेळेला दुखायचं, रविवारी थांबायचं. मी म्हटलं, नाटकं आहेत. ओरडलो, एकदा हातही उगारला. आज सर्वांसमोर कबूल करतो. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दृष्टसुद्धा काढली. तीन महिने असेच गेले. शेवटी सूनबाईंनी हिय्या केला आणि त्याला ठाण्याला समुपदेशकाकडे नेलं. चौथ्या खेपेला पोरगं बोललं. मोठी मुलं त्याला रोज छळत होती. पोट खरंच दुखत होतं. दुखण्याचं मूळ फक्त पोटात नव्हतं.

आम्हाला हे जमलं. आसनगावला लोकल आहे, मला पेन्शन आहे. त्याच पावसाळ्यात आपल्या गेटवर रानभाज्या घेऊन येणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, "बाबा, तुमच्या पोराला कुठं नेलंत? माझी पोरगी रातीची दचकून उठते. बोलत नाही." मी पत्ता लिहून दिला. त्या गेल्याही. नाव नोंदवलं गेलं आणि पंधरा दिवसांनंतरची तारीख मिळाली. त्या परत गेल्या नाहीत. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर गेलं. पोरगीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. तारीख देणाऱ्याने नियम पाळला, त्याला दोष देत नाही. पण ती पहिली भेट हीच तिची एकुलती एक भेट होती.

मंडळी, ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था १९९० पासूनची. दोन्ही ठाणे शहरात. मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आला आणि १९९६ पासून तो जिल्ह्याच्या पातळीवर उतरवायला सुरुवात झाली. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा हक्क ठरला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या मुलांपैकी सुमारे ७ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. हे काही "शहरी फॅड" नव्हे.

तेव्हा तालुक्याच्या गावी हवी ती थेट सेवा. चिठ्ठी नको, तारीख नको. मुलाला घेऊन आई-बापाने दार ढकलून आत यावं. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात १९९० पासून असं एक केंद्र चालत आलं आहे. तिथली पद्धत मला फार पटली. आलेली भेट ही कदाचित शेवटचीच, असं धरून चालायचं. घरच्यांना एकत्र बसवायचं, "आज सगळ्यात जास्त काय सतावतंय?" हे विचारायचं आणि निघताना घरी करण्यासारखं काहीतरी हातात द्यायचं. परत यायला दार उघडं असतंच. गंभीर दुखणं एका भेटीत बरं होत नाही, त्याला डॉक्टर आणि औषध लागतंच. पण कुठे जायचं हे तरी त्या भेटीत कळतं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी याहून वेगळं काय सांगितलं होतं?

असं केंद्र उभं राहीपर्यंत तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आपल्या फलकावर कायमचा लिहा. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. घरकामाच्या बायांना, वॉचमनला, भाजीवालीला तो आपण होऊन सांगा. दोन, एखादं मूल जीव द्यायच्या गोष्टी करू लागलं, तर "लक्ष वेधून घेतंय" म्हणू नका. त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तीन, आणि हा माझा रीतसर प्रस्ताव समजा. आपलं तळमजल्यावरचं कार्यालय शनिवारी दुपारी बंदच असतं. आठवड्यातून एक दुपार ते प्रशिक्षित समुपदेशकाला विनामोबदला द्यावं, आणि ते गेटबाहेरच्या मुलांसाठीही खुलं असावं. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा. काही सभासद म्हणतील, बाहेरच्यांची वर्दळ वाढेल. वाढू दे. रानभाज्या घेताना आपण त्यांना बाहेरचं म्हणत नाही.

त्या बाई यंदाच्या पावसाळ्यात आल्या नाहीत. पुढे कधी आल्या, तर मला त्यांना पत्ता लिहून द्यायचा नाही. "पोरीला घेऊन आत या," एवढंच म्हणायचं आहे.