मित्रांना जेवायला बोलवा

श्रोतेहो, ‘एकदा घरी जेवायला या’ असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. दिवस आणि वेळ सांगणारे मात्र फार थोडे! याचे कारण असे, की आपण जेवण आणि मेजवानी यांची गल्लत करून बसलो आहोत. चार स्नेही यायचे म्हटले, की पुऱ्या, श्रीखंड, दोन-तीन भाज्या, भजी, असा बेत ठरतो आणि महिनाअखेरीस वाण्याची उधारी वाढते. बरे, एवढ्यावर भागत नाही. असे जेवण जेवून गेलेल्या माणसालाही वाटते, की आपणही तेवढेच करायला हवे. त्याची ऐपत नसली तर तो आपल्याला बोलवीत नाही, आणि मग संकोचाने आपल्याकडे येईनासाही होतो. मैत्री भांडणाने तुटते त्याहून या संकोचाने अधिक तुटते. म्हणून माझे म्हणणे असे, की मित्राला परतफेड सहज करता येईल असेच जेवण त्याला घालावे.

आता प्रत्यक्ष बेत पाहू. आमचे ओझर निफाड तालुक्यातले. निफाडची थंडी तुम्हांला ठाऊक आहेच. अशा दिवसांत आठ माणसांसाठी बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, मुगाची खिचडी, कढी, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ एवढे पुरे. हिशेब असा : माणशी दोन भाकरी धरल्या तर दीड-पावणेदोन किलो पीठ. भरताची वांगी एक किलो. भाकरी आहे, तेव्हा खिचडीला चारशे ग्रॅम तांदूळ आणि दोनशे ग्रॅम मुगाची डाळ बस्स झाली. कढीला अर्धा किलो दही आणि दोन चमचे बेसन. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या मोठ्या बाजारपेठा आपल्याच तालुक्यात, म्हणून कांदा-टोमॅटो घरचेच म्हणा ना! कांदा कडाडला असेल त्या आठवड्यात मुळा किंवा गाजर चिरून ठेवावे. कोणी रागावणार नाही. आणि हे माप धरून केले, की दुसऱ्या दिवशी अन्न टाकण्याची पाळीही येत नाही.

पैशाचा हिशेब झाला. कष्टाचा कोण करणार? आपल्याकडे पुष्कळदा पाहुणे बाहेर गप्पा मारतात आणि घरची बाई चुलीपुढे भाकरी थापीत राहते. सगळे उठले, की उरलेसुरले ती जेवते. ज्या जेवणात घरातले एक माणूस उपाशी राबते, त्याला स्वस्त कसे म्हणावे? म्हणून कामाची वेळ आधी बांधून घ्यावी. चटणी आदल्या दिवशी कुटावी. वांगी दुपारी भाजून सोलून ठेवावीत. पाहुणे येण्यापूर्वी भाकरी करून स्वच्छ फडक्यात गुंडाळाव्यात. बाजरीची भाकरी गार झाली की कडक होते, तेव्हा हे काम फार आधी उरकू नये. खिचडी सर्वांत शेवटी चढवावी. गप्पा रंगेपर्यंत ती होते. वांगी भाजणे, कांदा चिरणे, ताटे मांडणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी करावीत. मग सगळे एकाच पंगतीला बसतील.

१९६४ साली ओझरला मिग विमानांच्या कारखान्याचे काम सुरू झाले आणि निरनिराळ्या प्रांतांतले लोक इथे आले. अशा गावात शेजारी वेगळी भाषा बोलणारा असू शकतो. त्याला बोलवायला आपल्याला त्याच्या चवीचे पक्वान्न येत नाही, ही अडचण मुळीच नाही. खिचडी आणि कढी थोड्याफार फरकाने अनेक प्रांतांत करतात. तिखट वेगळे ठेवा आणि काय चालत नाही, ते आधी मोकळेपणाने विचारा.

शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. वरच्या वर्गातल्या मुलांना असा बेत आखायला सांगा : आठ माणसे, आजचा बाजारभाव, एकूण खर्च आणि माणशी खर्च. शिवाय कोणते काम कोण करणार, हेही लिहायला लावा. त्रैराशिकही होईल आणि घरातले कष्ट कोणाच्या वाट्याला येतात, तेही मुलांच्या ध्यानात येईल.

तेव्हा श्रोतेहो, ‘एकदा या’ म्हणू नका. ‘शनिवारी साडेसातला या, भाकरी आणि भरीत आहे’ असे म्हणा.